आधी चारा, मग झाड, जनावर शेवटी: पाच एकर कोरडवाहू रानाची जोडणी

शेळीपालन करायचं ठरलं की माणूस आधी बाजार गाठतो. दहा शेळ्या आणि एक बोकड टेंपोत घालून आणतो, पत्र्याचं शेड ठोकतो, आणि मग शेजाऱ्याला विचारतो, "पाला कुठं मिळंल?" आम्हीही तेच केलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात एका बाभळीचा शेंडा शिल्लक राहिला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्या शेळ्या पडत्या भावात विकल्या. चूक शेळ्यांची नव्हती, क्रम उलटा लागला होता.

पीक, झाड आणि जनावर एकमेकांना जोडायची गोष्ट आपल्याकडं नवी नाही. बांधावरची बाभूळ, गोठ्यातली गाय, उकिरड्यातलं खत आणि ज्वारीचा कडबा ही साखळी आजोबांच्या काळी होतीच. मध्येच ट्रॅक्टर आला, बैल गेले, बांध कोरून कोरून पायवाटेएवढे राहिले आणि साखळीच्या कड्या सुटल्या. त्या परत जोडायच्या तर कुठून सुरुवात करायची आणि कशाला किती वर्षं द्यायची, ते इथं सांगतो. रान धाराशिव, बीड, सोलापूर, करमाळा, माण-खटाव या पट्ट्यातलं धरलंय: पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, जमीन हलकी ते मध्यम, विहिरीला फार तर फेब्रुवारीपर्यंत पाणी. कोकणात किंवा आदिवासी डोंगरी भागात गणित वेगळं बसतं. उरुळी कांचनच्या 'बायफ' संस्थेनं १९८२मध्ये गुजरातेतल्या वांसद्यात सुरू केलेली 'वाडी' पद्धत पुढं जव्हारकडंही रुजली. एकरभर आंबा-काजू, कडेनं जंगली झाडं आणि मध्ये आंतरपीक अशी ती मांडणी छान आहे, पण ती भरपूर पावसाच्या मुलखातली. ती जशीच्या तशी उचलून आपल्या माळावर ठेवली तर आंब्याची रोपं तिसऱ्या मे महिन्यात वाळतात.

पहिलं काम कुदळीचं नाही, वहीचं

पाच एकराचं रान असं वाटून घेऊ. रब्बी ज्वारी दोन एकर. बाजरी-तूर सव्वा एकर. विहिरीजवळ ओलिताचं अर्धा एकर, त्यात दहा गुंठे संकरित हत्तीघास आणि दहा गुंठे मका, लसूणघास, घरचा भाजीपाला. सगळ्यात हलक्या, मुरमाड एकरात सीताफळ. उरलेल्या पाव एकरात घर, गोठा, खळं.

आता खाणारी तोंडं मोजू. जनावराला रोज लागणारा चारा 'कोरड्या वजनात' मोजायचा, म्हणजे पाणी वजा जाता उरलेला. ओल्या घासात साधारण पाचवा भागच कोरडा असतो, बाकी पाणी. गायीला वजनाच्या अडीच ते तीन टक्के, शेळीला साडेतीन ते चार टक्के कोरडा चारा लागतो. ३५० किलोची देवणी किंवा लाल कंधारी गाय रोज नऊ किलो धरली तर वर्षाला सव्वातीन टनांच्या थोडं वर जाते. तिची कालवड निम्मं खाते, तिचे साधारण १.६ टन. ३० किलोची उस्मानाबादी शेळी रोज १.२ किलो, म्हणजे वर्षाला ४४० किलोच्या आसपास. आठ शेळ्यांचे साडेतीन टन झाले, एका गायीएवढेच. "शेळीला काय लागतं, फिरून खाते" असं म्हणणाऱ्याला ही ओळ दाखवायची. आठ शेळ्यांची बारा करडं सहा-सात महिने सांभाळली तर त्यांचे आणखी १.३ टन. एकूण दहा टनांच्या घरात.

आता रानात किती पिकतं ते बघा. दोन एकर ज्वारीचा कडबा बऱ्या सालात २.७ टन. तुरीचं भुसकट ०.६, बाजरीचं सरमाड ०.७, सीताफळात घेतलेल्या मटकी-हुलग्याचा भुसा ०.३. हत्तीघास फेब्रुवारीपर्यंतच ओला राहणार, म्हणून दहा गुंठ्यांत नऊ टन ओला, म्हणजे कोरडा १.८. बांधावरचं गवत ०.७. चाऱ्याची अडीचशे झाडं मोठी झाल्यावर ०.६. बेरीज ७.४ टन.

दहा लागतात, साडेसातसुद्धा पुरते नाहीत. म्हणजे शेळ्या आठ नाही, चार. चार शेळ्या आणि त्यांची करडं धरली की गरज ७.३ टनांवर येते आणि काटा कसाबसा बसतो. पेंड आणि भरडा यात धरलेला नाही, तीच काय ती राखीव. तुमच्या रानाचे आकडे वेगळे निघतील. एका गुंठ्यातला कडबा काट्यावर तोलून स्वतःचे आकडे लिहा, माझे उतरवू नका. या वहीशिवाय पुढचं काहीच करू नका, एवढाच माझा हट्ट.

पाण्याचाही तसाच हिशेब करा. उन्हाळ्यात गाय दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी पिते, शेळी चार-पाच. या गोठ्याला रोज शंभर लिटर धरा. मार्च ते जून हे १२० दिवस म्हणजे बारा हजार लिटर नुसतं पिण्यासाठी. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवत असेल तर हे पाणी कुठून येणार, हे गाय आणायच्या आधी ठरलेलं हवं.

बांध: सावली कुठं पडते ते बघून झाड

पहिलं वर्ष बांधाचं. उताराला आडवे बांध नीट करून घ्या. माथा किमान दोन-अडीच फूट रुंद हवा, नाहीतर झाडंही राहत नाहीत आणि बांधही. साधारण चौकोनी पाच एकरांचा घेर १८०० ते १९०० फूट भरतो, आतले दोन बांध धरले तर आणखी नऊशे. म्हणजे पीक न हलवता पावणेतीन हजार फूट लांबीची जागा मिळते. बांधावर झाड लावलं की रान जातं अशी ओरड असते, ती निम्मी खरी आहे. पुढं दोन गोष्टी सांगतो, त्या पाळल्या नाहीत तर ती पूर्ण खरी होते.

एक सावलीची. आपल्याकडं हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरच्या शेवटी सोलापूरच्या आसपास भर दुपारी वीस फुटी झाडाची सावली उत्तरेला सतरा-अठरा फूट पडते. रब्बी ज्वारी निसवते नेमकी त्या सुमाराला. म्हणून उंच वाढणारी झाडं (कडुलिंब, चिंच, जांभूळ) रानाच्या उत्तर कडेला लावावीत, म्हणजे सावली आपल्या पिकावर येत नाही. ती शेजाऱ्याच्या पिकावर जाते, हेही खरं. त्यामुळं उत्तरेला रस्ता, ओढा किंवा पडीक असेल तरच हे करा, नाहीतर झाडापेक्षा भांडण लवकर वाढतं. दक्षिण बांधावर छाटून तीन-चार फुटांवर ठेवता येतील अशीच झाडं लावा: सुबाभूळ, शेवरी, हादगा, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). आतल्या बांधांची दिशा उतार ठरवतो, तिथं सूर्याचं ऐकायला जागा नाही. तिथं फक्त बुटकी झाडं.

दुसरी मुळांची. झाड ज्वारीचं पाणी पितं. बांधापासून चार-पाच फुटांवर, दीड-दोन फूट खोल चर दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात मारून घेतला की पिकाकडं येणारी वरवरची मुळं तुटतात. त्या चरात पालापाचोळा भरला की तो पावसाचं पाणीही धरून ठेवतो. हे टाळलं तर तिसऱ्या वर्षी बांधालगतच्या दोन-तीन ओळी पिवळ्या पडतात आणि घरातलेच म्हणतात, तोडून टाका. निलगिरी मात्र बांधावर लावूच नका, कितीही चर मारले तरी.

आमच्या रानातली वाटणी अशी बसली. बाहेरच्या बांधांवर साडेसातशे फूट लांबीत तीन-तीन फुटांवर अडीचशे चाऱ्याची झाडं, त्यात निम्मी सुबाभूळ आणि उरलेली शेवरी-हादगा. आतल्या दोन बांधांवर दोन-दोन फुटांवर गिरिपुष्प, साधारण साडेचारशे. कोपऱ्यांवर दोन-चार शेवगे, आणि जिथं आधीच्या बाभळी आहेत तिथं त्या तशाच. अंजनाचं झाड मिळालं आणि सबुरी असेल तर लावा. वाढतो सावकाश, पण मुळं खोल जातात आणि उन्हाळ्यात त्याचा पाला शेळी आवडीनं खाते. त्याचा फायदा आपल्यापेक्षा मुलांना.

सुबाभळीचं बी कडक कवचाचं असतं. उकळी फुटायच्या आधीच्या गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून गार पाण्यात रात्रभर भिजत घालायचं, मग पिशवीत लावायचं. मार्चमध्ये पिशव्या भरल्या की मृगाच्या पावसाला हातभर रोपं तयार असतात. सुबाभळीला शेंगा धरू द्यायच्या नाहीत. एकदा बी पडलं की पुढची दहा वर्षं खुरपणीत फक्त सुबाभूळच निघते. गिरिपुष्पाच्या अंगठ्याएवढ्या जाड, तीन फुटी फांद्या पावसाळ्यात खोचल्या तरी जगतात. पण बियांपासूनच्या रोपाचं मूळ खोल जातं, त्यामुळं माळावर रोपंच बरी.

चारा: मुख्य पिकातच शोधा

चाऱ्याचं वेगळं रान करायची ऐपत कोरडवाहू माणसाला नसते. त्यामुळं धान्याचं वाण निवडतानाच कडब्याकडं बघायचं. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी (एम ३५-१) आजही माणसं का सोडत नाहीत? भाकरीसाठी आणि कडब्यासाठी. भारी रानात फुले वसुधा, हलक्यात फुले अनुराधा ही राहुरी विद्यापीठाची वाणंही चालतात. बुटकं, दाण्याला जड वाण घेतलं आणि कडबा बाजारातून आणला तर दाण्याचा नफा कडब्याच्या गाडीतच जातो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. कडेनं करडईच्या चार ओळी टाका. काटे लागतात म्हणून वाटेनं जाणारं जनावर ज्वारीत शिरत नाही, आणि घरी तेलही येतं.

खरिपात बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ. तुरीचं भुसकट शेळीसाठी सोन्यासारखं असतं, ते चुलीत घालू नका. सीताफळाच्या एकरात पाच-पाच मीटरवर १६० झाडं बसतात. फळ यायला चौथं-पाचवं वर्ष उजाडतं, तोवर मधल्या पट्ट्यांत मटकी, हुलगा, मूग. सीताफळच का? हलक्या रानात येतं, पाणी कमी मागतं, आणि त्याचा पाला जनावरं खात नाहीत. शेळ्या असलेल्या घरात हा तिसरा गुण पहिला मानावा. डाळिंब-आंब्याशी शेळीचं कधी पटत नाही.

हत्तीघासासाठी फुले जयवंत किंवा फुले गुणवंत या वाणाची दोन डोळ्यांची कांडी तीन बाय दोन फुटांवर लावा. पहिली कापणी सत्तर-पंचाहत्तर दिवसांनी, पुढच्या दीड-दोन महिन्यांनी. निव्वळ हत्तीघास खाऊ घालू नका, कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्या. बांधाच्या उतारावर मारवेल गवताची ठोंबं लावा आणि मुरमाड जागी स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी पहिल्या पावसात फेका. यांना नंतर काही करावं लागत नाही, फक्त पहिलं वर्ष चरू द्यायचं नाही.

जनावराच्या आधी विकत घ्यायची वस्तू म्हणजे कडबाकुट्टी यंत्र. आख्ख्या पेंड्या टाकल्या की जनावर पानं खातं, ताटं पायाखाली जातात. वर मांडलेला ७.४ टनांचा हिशेब कुट्टी धरूनच आहे. सरमाड किंवा गव्हाचा भुसा जास्त असेल तर शंभर किलोवर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, दाबून एकवीस दिवस हवाबंद ठेवायचा. भुसा मऊ होतो, जनावर चवीनं खातं. पण हे मोठ्या गुरांसाठीच. वासरं-करडांना नाही, आणि युरियाचं पाणी कुणाच्या तोंडाशी पोचेल असं उघडं ठेवायचं नाही, जनावर दगावतं.

झाडं जगवायची दोन वर्षं

लावणं एका दिवसाचं, जगवणं दोन उन्हाळ्यांचं. खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन ऊन खाऊ द्या. सीताफळाला दीड-दोन फुटांचे पुरतात. पावसाळ्यात लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत आपोआप चालतं, खरी परीक्षा फेब्रुवारीपासून. बुडाशी काडीकचऱ्याचं चार बोटं जाड आच्छादन, उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी आळी आणि आठवड्याला एक कळशी पाणी एवढ्यावर सीताफळ, बोर, शेवगा निघतात.

पाण्यापेक्षा मोठा शत्रू म्हणजे सुगीनंतरची मोकाट गुरं. ज्वारी निघाली की रान सगळ्यांचं, ही गावाची जुनी रीत. हिवरे बाजार, राळेगणसिद्धीसारख्या गावांनी चराईबंदी केली म्हणून तिथलं गवत-झाड उभं राहिलं. आपल्या गावात ती नसेल तर दोन वर्षं काट्याचं कुंपण आपणच घालायचं. बाभळीच्या फांद्या लगेच कामाला येतात. कायमच्यासाठी घायपात किंवा सागरगोट्याची जिवंत वई लावा, तिसऱ्या वर्षी तिच्यातून कुत्रंही जात नाही. तारेच्या कुंपणात पैसे घालण्यापेक्षा तेवढ्यात कुट्टी यंत्र येतं, असं माझं मत. रानडुकरांचा त्रास असलेल्यांचं वेगळं असेल.

चाऱ्याच्या झाडाला पहिल्या वर्षी कात्री लावायची नाही. मोह होतो. वर्षानंतर तीन फुटांवर शेंडा मारा म्हणजे बाजूनं फूट येते, मग पावसाळ्यात दर दोन महिन्यांनी आणि हिवाळ्यात एकदा कापणी.

आता जनावर

तिसऱ्या पावसाळ्यात. गाय आधीपासून घरात असेल तर ती आहेच, वाढवायची नाही एवढंच. कोरडवाहू घराला देवणी, लाल कंधारी किंवा खिलार यांतलं आपल्या भागातलं जे असेल ते घ्यावं. संकरित गाय दूध जास्त देते, पण उन्हाळ्यात तिला जे लागतं ते या रानात नाही. शेळी उस्मानाबादी: बऱ्याचदा जुळी देते, ऊन सोसते, काहीही खाते. घेताना बाजारातली गाभण शेळी नको. गावातली, जिची आई माहीत आहे अशी पाठ (अजून न व्यालेली तरुण शेळी) घ्या.

गोठा रानाच्या वरच्या अंगाला बांधा, खालच्या नाही. शेण-मूत धुतलेलं पाणी पाटानं उतरत थेट हत्तीघासाच्या दहा गुंठ्यांत जातं आणि वाहून न्यायची मजुरी वाचते. आम्ही सोयीचं म्हणून रस्त्याकडेला, खालच्या बाजूला बांधला, आणि आजही पाटी डोक्यावर घेऊन चढ चढतो. शेळीला छपराखाली दहा चौरस फूट, बाहेर मोकळी वीस. छपराची लांबी पूर्व-पश्चिम.

खाणं कसं वाटायचं? सुबाभूळ रोजच्या ओल्या चाऱ्यात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. तिच्यातलं मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य अंगावर येतं, केस गळतात. गिरिपुष्पाचा पाला सुरुवातीला शेळ्या हुंगून सोडतात. तो दिवसभर सुकवून इतर पाल्यात मिसळला तर थोडाफार खातात, पण मी तो रानालाच देतो. ज्वारीचे कोवळे पोंगे, दुष्काळानं खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतर बुडातून आलेले फुटवे जनावराच्या तोंडी कधीही लागू देऊ नका. किराळ (कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा) लागते आणि डॉक्टर येईपर्यंत खेळ संपतो. फुलोऱ्यानंतरचीच ज्वारी हिरवी घालायची.

विण्याचं वेळापत्रक चाऱ्याला बांधा. शेळी पाच महिने गाभण राहते. मे-जूनमध्ये भरली (बोकडाकडून फळली) तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात विते, म्हणजे पाला-गवत भरपूर असतानाच करडं दूध पितात. सप्टेंबरात भरली तर फेब्रुवारीत विते आणि करडं उन्हाळ्यात सापडतात. पण मे महिन्यात शेळी माजावर यायला अंगावर थोडं मांस हवं. तिथं बाभूळ कामाला येते. एप्रिल-मेमध्ये तिच्या शेंगा वाळून पडतात, त्या वेचून भरडून मूठ-दोन मुठी रोज द्यायच्या. भरडायच्या, आख्ख्या नाही. आख्ख्या शेंगांतलं बी लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि लेंडीखताबरोबर ज्वारीत बाभळी उगवतात. हा धडा आम्ही खुरप्यानं शिकलो.

लसीकरणाची वेळ मे-जून: आंत्रविषार आणि घटसर्प पाऊस पडायच्या आत, लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) तीन वर्षांतून एकदा. गायीला घटसर्पाबरोबर फऱ्याचीही. तारखा गोठ्याच्या दारावर खडूनं लिहा. मोबाइलमधल्या राहून जातात.

पंधरा-वीस गावरान किंवा गिरिराजा कोंबड्या सीताफळाखाली सोडल्या की किडे-गोचीड वेचतात आणि घरात अंड्यांचा रोजचा पैसा येतो. पेरणीनंतर मात्र महिनाभर डालून ठेवा.

शेणाचं गणित आणि एक कटू सत्य

गाय, कालवड, चार शेळ्या मिळून रोज अठरा किलोच्या आसपास ओलं शेण-लेंडी. वर्षाला साडेसहा टन, कुजून उरतं तीनेक टन. एकराला दोन टन द्यायचे म्हटले तर दीड एकर भागतं. म्हणजे प्रत्येक एकराची पाळी तीन वर्षांनी येते. शेणखतावर सगळं रान सुटतं असं सांगणाऱ्यांनी एकदा पाटी मोजावी.

आहे तेवढं तरी वाया जाऊ नये. उघड्या उकिरड्यात निम्मा जीव उन्हात आणि पावसात जातो. तीन फूट खोल खड्डा, वर सावली, शेणाच्या थरावर गव्हाणीतला उरलेला चारा, पुन्हा शेण, वर मातीचं लिंपण. गोठ्यात गव्हाणीखाली बोटभर माती पसरून दर पंधरवड्याला ती खड्ड्यात लोटा, मूत तिच्यात मुरतं.

उरलेली भर गिरिपुष्पाची. साडेचारशे झाडं तिसऱ्या वर्षापासून दोन कापण्यांत दोन टन ओला पाला देतात. त्यातून नत्र मिळतं बारा-तेरा किलो, म्हणजे अर्ध्या गोणीहून थोड्या जास्त युरियाएवढं. ऐकायला थोडं वाटतं, आणि थोडंच आहे. फरक असा की युरियाबरोबर माती येत नाही. पाला मातीत कुजला की ओल चार दिवस जास्त टिकते, आणि ज्वारी पोटरीत असताना (कणीस बाहेर पडायच्या आधी) हे चार दिवसच साल ठरवतात. पाला फुलं यायच्या आत, गुडघ्याच्या थोडं वर कापायचा आणि पेरणीआधी तीन आठवडे रानात मिसळायचा.

तिसरा मार्ग जुना आहे, मेंढ्या बसवणे. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे (कळपांसह फिरती बिऱ्हाडं) कोकणाकडं उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरतात. वाटेत रानात रात्री मुक्काम करून घेतला की लेंडी-मूत जागच्या जागी पडतं, वाहतूक नाही. धान्य किंवा पैसे आधी ठरवून घ्यायचे, आणि मेंढ्या उतरायच्या आधी बांधावरच्या कोवळ्या झाडांना काटे लावलेत का बघायचे. नाहीतर खत मिळतं आणि झाडं जातात.

कागद

थोडक्यात सांगतो. लावलेली झाडं, बांधावरचीसुद्धा, ई-पीक पाहणीत नोंदवा म्हणजे ती सातबाऱ्यावर येतात. पुढं अनुदान, नुकसानभरपाई, रस्त्याचं भूसंपादन, सगळीकडं हीच नोंद विचारतात. फळबागेसाठी रोजगार हमीतून किंवा भाऊसाहेब फुंडकर योजनेतून मदत मिळते. अटी बदलत राहतात, त्यामुळं खड्डे घ्यायच्या आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) भेटा. खड्डे आधी घेतले आणि अर्ज नंतर केला की काम बसत नाही. साग, आंबा, चिंच, जांभूळ, अंजन अशी काही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत येतात. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडायला परवानगी लागते. सुबाभळीसारखी दरवर्षी छाटायची झाडं आधीच वेगळी ठेवली की हा घोळ होत नाही.

होळीला कडबा मोजायचा

वर्षातून एक दिवस ठरवून घ्या. आम्ही होळीचा धरलाय, कारण तोवर ज्वारी खळ्यातून घरात आलेली असते आणि हत्तीघास आटत आलेला असतो. गंजीतल्या पेंड्या मोजायच्या. पाच-दहा पेंड्या तोलून सरासरी काढायची, आमची पावणेदोन किलोच्या आसपास भरते. होळीपासून १५ जुलैपर्यंतचे दिवस मोजायचे. १५ जूनपर्यंतचे नाही, कारण पाऊस जूनला पडला तरी गवत चरण्याजोगं व्हायला महिना जातो. दिवसांना रोजच्या खाण्यानं गुणायचं, भुसकट-सरमाड त्यातून वजा करायचं.

पेंड्या कमी भरल्या तर त्याच आठवड्यात ठरवायचं कोण जाणार. बोकड तर जातोच, मग पाठींतली लहान, मग दोनदा उलटलेली (भरूनही गाभण न राहिलेली) शेळी. मार्चमध्ये जनावराच्या अंगावर मांस असतं आणि बाजारात गिऱ्हाईकही. मे महिन्यात सगळं गावच विकायला निघतं, तेव्हा व्यापारी भाव सांगत नाही, नुसता हात हलवतो. पेंड्या जास्त भरल्या तर मात्र लगेच शेळी आणायला धावू नका. ती गंजी ताडपत्री टाकून तशीच राहू द्या. पुढच्या साली हस्ताचा पाऊस चुकला तर तीच पहिली उघडावी लागते.